दिवेलागण झाली की पॉवरलाइनचं नेट मरतं: कारण कसं शोधायचं आणि लाइनला कुलूप कसं लावायचं

बोरिवलीला मामाच्या घरी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी लावलेली आहे, एक हॉलमध्ये राउटरपाशी आणि दुसरा मागच्या बेडरूममध्ये मामेभावाच्या टेबलाखाली. दिवसभर मस्त चालतं. संध्याकाळी सातच्या सुमारास अडॅप्टरवरचा हिरवा दिवा आधी नारिंगी होतो मग लाल, ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडकतो, अडॅप्टर काढून परत लावला की थोडा वेळ बरं आणि मग परत तेच. रात्री सगळे झोपायला गेले की आपोआप सुरळीत. नेटवाल्याकडे तक्रार केली की माणूस येतो, हॉलमध्ये उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट काढतो, "इथे तर फुल येतंय साहेब" म्हणतो आणि तक्रार बंद करून जातो. बरं, त्याचं काही चुकत नाही, हॉलपर्यंत नेट खरंच फुल येतं, अडचण त्याच्या पुढच्या भिंतीतल्या वायरमध्ये आहे.

हीच तक्रार थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांकडून ऐकलीये म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत, पॉवरलाइन म्हणजे घरातल्या विजेच्याच वायरवरून डेटा पाठवायचा, एक अडॅप्टर राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरा लांबच्या खोलीत, मधे नवीन केबल नाही की भिंतीला भोक नाही. मुंबईत याचा उपयोग कळायला एकदा भाड्याच्या घरात राहावं लागतं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, मालक खिळा ठोकू देत नाही, फायबरचा डबा दरवाज्यापाशी बसवलेला, आणि मागच्या खोलीच्या आड बाथरूमच्या टाइल्सवाल्या भिंती, तिथे पाच गिगाहर्ट्झचं वायफाय पोचतच नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. भिंतीतली वायर आता तुमची लॅन केबल झालीये, पण ती तुमच्या एकट्याची नाही. तिच्यावर फ्रिज आहे, चार्जर आहेत, वॉशिंग मशीन आहे, आणि ती दरवाज्याशी संपत नाही, खाली मीटर रूमपर्यंत जाते जिथे सगळ्या बिल्डिंगच्या वायरी एकत्र येतात. स्पीड पडण्याची बहुतेक कारणं पहिल्या गोष्टीत सापडतात आणि सिक्युरिटीची बहुतेक भानगड दुसरीत.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे नेट गेलंय की पॉवरलाइन गेलीये हे वेगळं करणं. लॅपटॉप मागच्या खोलीतल्या अडॅप्टरला केबलने जोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा, हे विसरू नका, दोन्ही चालू असलं तर आकडे नक्की कुठून येतायत ते कळत नाही आणि तासभर फुकट जातो. मग राउटरच्या पत्त्याला पिंग लावून ठेवा, म्हणजे त्याला सतत हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड, पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, विंडोजमध्ये पिंगच्या पुढे मायनस टी लावलं की ते थांबवेपर्यंत चालत राहतं. चांगल्या पॉवरलाइनवर उत्तर साधारण एक आकडी मिलिसेकंदात येतं, कधी पंधरा-वीस झालं तरी हरकत नाही. प्रॉब्लेमच्या वेळेला तेच दोनशे, चारशे व्हायला लागलं किंवा मधेमधे "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" यायला लागलं, आणि त्याच वेळी हॉलमध्ये राउटरला थेट केबल लावली तर सगळं ठीक, म्हणजे दोष पॉवरलाइनचा. हॉलमध्येही वाईट असेल तर हा लेख सोडा आणि नेटवाल्याला धरा.

इथेच दोन फसवे प्रकार सांगून टाकतो. एक, बऱ्याच अडॅप्टरमध्ये पॉवर सेव्हिंग असतं, पलीकडचा टीव्ही किंवा कॉम्प्युटर बंद केला की काही मिनिटांनी अडॅप्टर झोपतो आणि दिवा बदलतो. हा बिघाड नाही, टीव्ही चालू केला की जागा होतो, नको असेल तर ॲपमधून बंद करता येतं. दुसरा प्रकार जास्त गमतीचा, नेट चालू असतं पण कधीकधी राउटरचं पान उघडायला गेलं की भलत्याच कंपनीचं लॉगिन पान समोर येतं, किंवा घरातला प्रिंटर सापडत नाही. म्हणजे तुमच्या लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, शेजाऱ्याच्या राउटरने दिलाय. होय, होतं असं. तसं असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी खाली कुलपाचा भाग गाठा.

पॉवरलाइनच दोषी ठरली की अडॅप्टर कुठे खुपसलाय ते बघा. तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डात नको, आणि स्पाइक गार्डमध्ये तर अजिबात नको, कारण स्पाइक गार्डच्या आत जो फिल्टर असतो त्याचं कामच मुळी वायरवरची उच्च फ्रिक्वेन्सी खाऊन टाकणं, आणि तुमचा डेटा म्हणजे नेमकी तीच फ्रिक्वेन्सी. यूपीएसमधून तर सिग्नल जवळपास जातच नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या कितीतरी अडॅप्टरना दोन गोल पिनांचा युरोपियन प्लग असतो, तो आपल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये ढिला बसतो, मग लोक दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावतात आणि तो आणखी ढिला. जोडणी ढिली म्हणजे सिग्नल कमी आणि वर गरम होणं. हात लावून बघा, अडॅप्टर कोमट असणं चालेल, पण सॉकेटमधून चुर्र आवाज येत असेल किंवा प्लास्टिक पिवळं-काळं पडलेलं असेल तर नेटचा विषय तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवा. आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत, त्यातही समुद्राजवळच्या घरांत, सॉकेटच्या आतले पितळी पत्रे काळे पडतात, पावसाळ्यात तर जास्तच, आणि दीडशे-दोनशे रुपयांचं नवीन सॉकेट बसवल्यावर स्पीड सुधारलेली मी पाहिलीये.

काही मॉडेलना पुढच्या बाजूला स्वतःचं सॉकेट असतं. मिळालं तर तेच घ्या, कारण त्या सॉकेटच्या मागे फिल्टर असतो, म्हणजे टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर सगळा गोतावळा एका एक्स्टेन्शनवर घेऊन त्या पुढच्या सॉकेटमध्ये लावला की त्यांचा गोंगाट अडॅप्टरच्या वाटेत येत नाही. गीझर-एसी मात्र त्यावर लावू नका.

आता मूळ मुद्दा, गोंगाट. होमप्लग एव्ही हा पॉवरलाइन अडॅप्टरमधला जुना आणि सगळीकडे पसरलेला प्रकार, २००५ सालचा, तो साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. नंतर २०१२ मध्ये एव्ही-२ आला, तो ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. अडॅप्टर एकाच वेळी शेकडो बारीक फ्रिक्वेन्सींवर थोडा थोडा डेटा पाठवतो आणि जिथे गोंगाट जास्त तिथे कमी भरतो किंवा ती फ्रिक्वेन्सी सोडूनच देतो. हे मोजमाप तो सतत करत असतो. शिवाय आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि गोंगाटही त्या हेलकाव्याबरोबर कमीजास्त होतो, म्हणून अडॅप्टर त्या लयीला धरूनच आपलं वेळापत्रक बसवतो. इतकी हुशारी असूनही समोर गोंगाटच फार झाला तर काय करणार, लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू असताना फोनवर बोलायचं म्हणजे एकेक शब्द तीनतीनदा सांगावा लागतो, तसं होतं, आणि तुम्हाला ते "स्लो" म्हणून दिसतं.

गोंगाट करतं कोण? लोकांना आधी लिफ्ट आठवते, मग सोसायटीचा पाण्याचा पंप, मग हल्ली स्मार्ट मीटर. मला विचाराल तर या तिघांना सगळ्यात शेवटी पकडा. लिफ्ट आणि पंप वेगळ्या मीटरवर असतात, त्यांचा गोंगाट मीटर रूममधून वर चढून तुमच्या घरात येईपर्यंत बराच मरतो. विजेच्या वायरीवरून बोलणारे मीटर असतील तरी ते पाचशे किलोहर्ट्झच्या खाली बोलतात, तुमच्या अडॅप्टरच्या पट्ट्यात नाही. चोर बहुतेक वेळा अडॅप्टरपासून हातभर अंतरावर असतो. स्वस्तातला मोबाइल चार्जर, नुसता लावून ठेवलेला, फोन नसला तरी. स्वस्त एलईडी बल्ब किंवा पॅनल लाइट. गोल फिरवायचा पंख्याचा रेग्युलेटर, तो स्टेपलेस प्रकार, पंखा मधल्या स्पीडवर असताना सगळ्यात वाईट, पूर्ण स्पीडला किंवा बंद असताना गप्प. मिक्सर तर कार्बन ब्रशमुळे जबरदस्त आवाज करतो पण तो पाच मिनिटांचा पाहुणा, चटणी झाली की गेला. ट्रेडमिल, जुनी शिलाई मशीन, फिश टँकचा पंप असले नमुनेही आहेत.

शोधायची पद्धत सोपी आहे फक्त चिकाटी लागते. प्रॉब्लेम चालू असतानाच करायची, दुपारी सगळं ठीक असताना करून उपयोग नाही. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर काढून, कारण तोही संशयित आहे. अडॅप्टर कंपनीचं ॲप उघडा, टीपी-लिंकचं टीपीपीएलसी, डेव्होलोचं कॉकपिट वगैरे, लिनक्सवाल्यांसाठी क्वालकॉम चिपच्या अडॅप्टरना ओपन-पीएलसी-युटिल्स चालतं. त्यात दोन अडॅप्टरमधला रेट, म्हणजे डेटाचा वेग, दिसतो, जाताना एक आणि येताना एक, आणि हे दोन आकडे सारखे नसतात ही फार कामाची गोष्ट आहे. ज्या टोकाला ऐकायला कमी येतंय, गोंगाट त्या टोकाजवळ. बेडरूमकडून हॉलकडे जाणारा आकडा पडला असेल तर हॉलमध्ये शोधा, उलट असेल तर बेडरूममध्ये. निम्मं घर इथेच वगळलं जातं.

मग डीबीमधले, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डातले, एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे खटके, एकेक करून खाली पाडा, फक्त खटका, झाकण उघडायचं नाही, आणि घरच्यांना सांगून करा नाहीतर आतून कोणाच्या तरी अर्धवट सेव्ह केलेल्या फाइलचा उद्धार ऐकावा लागतो. एखादा एमसीबी पाडला आणि रेट एकदम वर उसळला की चोर त्या सर्किटवर. ज्या सर्किटवर स्वतः अडॅप्टर आणि राउटर आहेत ते पाडता येत नाही, तिथे स्विच-स्विच करत जा, आणि स्विच नसलेल्या किंवा कायम चालू असलेल्या गोष्टींचे प्लग उपटून बघा. पाण्याचा फिल्टर, गुड नाइट मशीन, कॉर्डलेस फोनचं चार्जर, सगळं.

मामाकडे काय निघालं सांगतो. येणारे आकडे बघितल्यावर बोट हॉलकडे गेलं, आणि हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या वरच देवघर आहे. गणपतीत लावलेली एलईडीची माळ विसर्जनानंतर काढलीच नव्हती, देवघराभोवती छान दिसते म्हणून मामीने तशीच ठेवली, ती रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावताना माळही लावते आणि झोपताना बंद करते. माळेचा इवलासा अडॅप्टर, नाव ना गाव, बसवलेला होता राउटरच्याच बोर्डात, पॉवरलाइन अडॅप्टरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये. स्विच खाली केला आणि रेट जवळपास तिप्पट. परत वर केला, परत पडला. मामेभाऊ म्हणाला माळ काढून टाक, मामी म्हणाली तुझं नेट काढ. दोघांचंही बरोबर.

अशा वेळी भांडायची गरज नसते. गोंगाट करणारी वस्तू पॉवरलाइनपासून लांबच्या पॉइंटवर न्या, आणि तिला, म्हणजे त्या वस्तूला, फिल्टरवाल्या स्पाइक गार्डमधून वीज द्या. वर जो स्पाइक गार्ड अडॅप्टरसाठी विष म्हणून सांगितला तोच इथे औषध आहे, कारण तो गोंगाट आतच अडवतो. फक्त तो पॉवरलाइन अडॅप्टरच्या अगदी शेजारी लावू नका, जवळ असला तर तुमचा सिग्नलही पिऊन टाकतो, मधे जेवढी वायर जाईल तेवढं बरं. फेराइटची क्लिप, ती काळी गोळी, वस्तूच्या वायरवर दोन-तीन वेढे घेऊन लावली तर थोडी मदत होते, चमत्कार नाही. आणि चार्जर किंवा एलईडी लाइटचा ड्रायव्हर बदलायचा असेल तर जरा बऱ्या कंपनीचा घ्या. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का बघून घेणं चांगलंच पण तो शिक्का मुख्यतः सुरक्षेचा असतो, शॉक लागू नये आग लागू नये यासाठी, गोंगाट कमी असेलच अशी हमी त्यात नाही. मामाकडे माळेला चांगला अडॅप्टर घेतला आणि तिला पॅसेजमधल्या पॉइंटवरून वीज दिली, प्रश्न मिटला, माळ आहे तिथेच आहे.

गोंगाट सापडला नाही आणि रेट दिवसरात्र वाईटच असेल, तर मग वायरिंग. इथे मुंबईचे आपले खास प्रकार आहेत. जोडफ्लॅट, म्हणजे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले, अशा घरांत पुष्कळदा मीटर अजून दोनच असतात. एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात डेटा जायचा म्हणजे तो आधी तळमजल्यावर मीटर रूममध्ये उतरणार आणि दुसऱ्या मीटरमधून परत वर चढणार, सातव्या मजल्यावर राहत असाल तर विचार करा. अंतर भिंतीपलीकडचं दिसतं पण वायरीच्या हिशोबाने तुम्ही तळमजला फिरून आलात. यावर इलाज नाही, तिथे दुसरं काहीतरी बघा. मोठ्या फ्लॅटमध्ये थ्री फेज कनेक्शन असतं, हॉल एका फेजवर आणि बेडरूम दुसऱ्यावर, तेव्हा सिग्नल एका फेजवरून दुसऱ्यावर नुसता पाझरतो तेवढाच. कुठला पॉइंट कुठल्या फेजवर हे वायरमन डीबी बघून सांगतो, दोन्ही अडॅप्टर एकाच फेजवर येतील असे पॉइंट निवडले की काम होतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागची लाइन वेगळी पडते, दोन्ही अडॅप्टर एकाच बाजूला ठेवा.

गिरगाव, लालबाग, परळ इकडच्या जुन्या इमारतींत अर्थिंगची बोंब असते, तीन पिनांचं सॉकेट दिसतं पण तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. एव्ही-२ च्या मिमोवाल्या मॉडेलना फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थची वायर वापरून जास्त डेटा पाठवता येतो, अर्थच नाही तर ते गुपचूप जुन्या पद्धतीवर येतात आणि तुम्ही जास्तीचे पैसे दिलेले वाया. मात्र अर्थिंग करून घ्या ते नेटसाठी नाही, गीझरसाठी.

दोन वेगळ्या खोक्यांतले अडॅप्टर एकमेकांशी बोलत नसतील तर घराणं बघा. होमप्लग एव्ही आणि एव्ही-२ एकमेकांना ओळखतात. जी-डॉट-एचएन हे वेगळं घराणं आहे, हल्लीची काही नवी मॉडेल त्यातली असतात, ती जुन्या होमप्लगशी जुळत नाहीत, उलट एकाच वायरवर दोन्ही लावले तर एकमेकांचा खेळ बिघडवतात. जाता जाता, इलेक्ट्रिक गाड्यांचा जो सीसीएस-२ फास्ट चार्जर असतो त्यात गाडी आणि चार्जर आपसात जे बोलतात तेही होमप्लगच्याच एका धाकट्या भावातून, होमप्लग ग्रीन फाय. फक्त ते बोलणं चार्जिंगच्या केबलमधल्या वेगळ्या तारेवर होतं.

स्पीडची अपेक्षाही जमिनीवर ठेवा. खोक्यावर ६०० किंवा १००० एमबीपीएस लिहिलेलं असतं तो प्रयोगशाळेतला, दोन्ही दिशांचा मिळून, कच्चा आकडा. ॲपमध्ये दिसणाऱ्या रेटच्या निम्मं किंवा त्याहून थोडं कमी हातात येतं. वर ६०० लिहिलेल्या कितीतरी अडॅप्टरचं लॅन पोर्टच १०० चं असतं, म्हणजे घरात वायर सोन्याची असली तरी शंभराच्या वर जाणार नाही. पण सतत टिकणारे चाळीस मिळाले तरी पुष्कळ आहेत, नेटफ्लिक्स स्वतः फोर-के साठी १५ मागतं.

आता कुलूप. हा भाग लोक गाळतात कारण नेट चालू झालेलं असतं. होमप्लग एव्ही अडॅप्टर वायरवरचा डेटा १२८ बिटच्या एईएस या सांकेतिक पद्धतीने बंद करून पाठवतात, तो भाग चांगला आहे. पण बंद करायची किल्ली फॅक्टरीतून आली तीच ठेवली तर ती जगजाहीर आहे, पासवर्डचं नावच "होमप्लगएव्ही". खोक्यातून काढून लावले आणि लगेच चालले, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की दोघांची फॅक्टरीची किल्ली सारखी आहे, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्याने तसेच लावले असतील तर त्याचीही सारखीच. मीटर म्हणजे भिंत नव्हे. अदानी असो, बेस्ट असो की टाटा, मीटरमधून सिग्नल कमजोर होतो पण पूर्ण थांबत नाही, आणि डक्टमधून सगळ्या मजल्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून उतरतात तिथे एकीतला सिग्नल दुसरीत उतरतो. चाळीत तर दोन खोल्यांमधली वायर इतकी छोटी की शेजारी तुमच्या बेडरूमपेक्षा जवळ असू शकतो. आधी लिहिलेला भलत्याच राउटरच्या पानाचा किस्सा असाच घडतो, दोन घरांची नेटवर्कं नकळत एक झालेली असतात, दोन राउटर एकाच वायरवर पत्ते वाटत बसतात, आणि दोन्ही घरं आपापल्या नेटवाल्याला शिव्या घालतात.

करायचं असं. दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत आणा, शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये. दोन्हीचं रीसेटचं बटण दाबून जुनं सगळं पुसा, किती सेकंद दाबायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअल बघा. मग एकाचं पेअर बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं, तेवढ्या वेळात दोघं मिळून नवीन किल्ली ठरवतात. दिवे स्थिर झाले की काढून आपापल्या जागी न्या, किल्ली आत साठवलेली असते, वीज गेली तरी राहते. बटणावर विश्वास नसेल तर ॲपमधून स्वतःचा लांब नेटवर्क पासवर्ड टाका, आधी लांबच्या अडॅप्टरचा बदला आणि मग जवळच्याचा, म्हणजे ज्याला लॅपटॉप जोडलाय त्याचा, उलट केलं तर लांबचा हाताबाहेर जातो आणि मग लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे जावं लागतं. लांबच्याचा बदलताना ॲप त्याच्या लेबलवरचा डिव्हाइस पासवर्ड मागतं, चार-चार अक्षरांचे चार गट असतात तो. हा लेबल म्हणजे चावी आहे, प्रॉब्लेम विचारताना अडॅप्टरचा फोटो ग्रुपवर टाकायचा झाला तर लेबलवर बोट ठेवून काढा.

नंतर ॲपमधली यादी बघा. घरात दोन अडॅप्टर आहेत तर दोनच दिसले पाहिजेत, तिसरा दिसला तर परत सगळं पहिल्यापासून. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघायची सवय ठेवा, विशेषतः सोसायटीत नवीन कोणी राहायला आलं की. अडॅप्टरला स्वतःचं वायफाय असेल तर त्याचं नाव-पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड वेगळा बदलावा लागतो, पॉवरलाइनची किल्ली बदलली म्हणून तो बदलत नाही, आणि बरेच जण इथेच थांबतात. फर्मवेअरचं, म्हणजे अडॅप्टरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर तेव्हाच मारून घ्या. आणि किल्ली कितीही भारी असली तरी अडॅप्टरचं लॅन पोर्ट उघडंच असतं, ज्याला हात पोचेल त्याने केबल लावली की तो आत. पीजी ठेवलेली खोली किंवा पॅसेजमधलं सॉकेट अशा ठिकाणी जोडलेला अडॅप्टर ठेवू नका, ठेवायचाच तर राउटरमध्ये त्याला गेस्ट नेटवर्कवर टाका, सगळ्या राउटरमध्ये ती सोय नसते.

लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुने अडॅप्टर स्वस्तात मिळतात, त्यात नुसतं होमप्लग १.० किंवा १४ एमबीपीएस लिहिलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका, तो २००१ चा प्रकार, ५६ बिटचं डीईएस ही जुनी सांकेतिक पद्धत वापरतो, ते कुलूप आज कुलूप राहिलेलं नाही. चांगला जुना मिळाला तरी घरी आणल्यावर पहिलं काम रीसेट.

एवढं सगळं करूनही पिंग सुधारत नसेल तर हट्ट सोडा. चपटी कॅट-६ केबल मिळते, दाराच्या फटीतून आणि स्कर्टिंगच्या कडेने दुतर्फी टेपने चिकटवली तर भिंतीला भोक पडत नाही, मालकाचीही हरकत नसते, आणि घरातल्या अंतराला पूर्ण स्पीड देते. ती मामाकडे जमली नसती कारण पॅसेजचं दार घट्ट बसतं आणि मामी चिकटपट्टी चालू देत नाही, पण तुमच्याकडे जमत असेल तर ती आधी करून बघा. आणि मग अडॅप्टर कोणाला विकायचे किंवा द्यायचे झाले तर त्यांचंही रीसेट दाबून, ॲपमधून नाव काढून, लेबलचा फोटो जाहिरातीत न टाकता द्या.